होल्गा, क्लिक थ्री आणि नाशिकचं ऊन: प्लास्टिकच्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर कसं जमवायचं

‘काका, ह्याच्यात एक्स्पोजर लावायचं कुठं?’ होल्गा हातात आलेलं प्रत्येक पोरगं मला हेच विचारतं. कॅमेरा उलटसुलट करून बघतात. लेन्सच्या वर एक खटका सापडतो, त्यावर सूर्य आणि ढग. लेन्सच्या कडेला चार चित्रं असतात, पण ती फोकसची. शटरचा वेग एकच. मग लावायचं काय?

कॅमेऱ्यात लावण्यासारखं फारसं नाहीच. प्लास्टिकच्या कॅमेऱ्याचं एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडणार ते, तीन ठिकाणी ठरतं आणि तिन्ही ठिकाणं कॅमेऱ्याच्या बाहेर आहेत: दुकानात रोल निवडताना, फोटोसाठी वेळ आणि जागा धरताना, आणि रोल धुताना. ही तिन्ही सांभाळली की बारापैकी बहुतेक फ्रेम वापरण्याजोग्या येतात. ‘टॉय कॅमेरा आहे, जे येईल ते येईल’ हे मला पटत नाही. रोलची आजची किंमत बघता परवडतही नाही.

मी सातपूरला एका ऑफसेट प्रेसमध्ये प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी फिल्म काढायच्या मोठ्या कॅमेऱ्यावर, काम केलेला माणूस. लिथ फिल्म, सेकंदांत मोजलेलं एक्स्पोजर, लाल दिव्याखाली ट्रे हलवत उभं राहणं, हे माझं काम. प्लेट थेट कॉम्प्युटरवरून निघायला लागली आणि ते खातं बंद झालं. निगेटिव्ह उजेडासमोर धरायची सवय मात्र राहिली. त्यामुळे मी इथं सांगणार ते निगेटिव्हवर पुरेसं काळं कसं चढवायचं एवढंच. चांगला फोटो कशाला म्हणायचं ते तुमचं तुम्ही बघा. (दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी ब्लॉकमेकिंग आणि छपाईच्या धंद्यात होते. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. तिथं गेलो की मी आधी आमच्या धंद्यातला माणूस म्हणून हात जोडतो, सिनेमाचं नंतर.)

आधी आपला कॅमेरा मोजा

होल्गा हाँगकाँगचा, १९८२ सालचा. लेन्स ६० मिलिमीटरची, साध्या प्लास्टिकची. १२० मापाचा रुंद रोल लागतो, चौकोनी फ्रेम बारा येतात. ढगावर खटका ठेवला तर एफ ८, सूर्यावर ठेवला तर एफ ११, शटर सेकंदाचा शंभरावा भाग, असं कागदावर असतं. (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान.) त्यावर विसंबू नका. जुन्या होल्गांत सूर्याच्या पट्टीचं भोक आतल्या कायमच्या भोकापेक्षा मोठं आहे, म्हणजे खटका कुठेही सरकवा, उजेड तेवढाच आत जातो. मोजून बघितलं तर तो एफ १३ च्या आसपास भरतो. नंतरच्या मॉडेलांत हे सुधारलं, त्यामुळे तुमच्या हातातला कुठला ते बघायलाच हवं.

बघायची रीत सोपी आहे. रोल नसताना कॅमेऱ्याची पाठ काढा. एन आणि बी लिहिलेला दुसरा खटका बी वर टाका, म्हणजे बटण दाबून ठेवलंय तोवर शटर उघडं राहतं. कुणाला तरी ते धरायला सांगा. लेन्सच्या तोंडाशी मिलिमीटरची पट्टी धरा आणि समोरून, दोन हात लांबून, फोनने झूम करून फोटो घ्या. मागून ट्यूबलाइटचा उजेड आला की भोक स्वच्छ दिसतं. पट्टीवरून त्याचा व्यास काढा आणि ६० ला त्याने भागा. साडेसात मिलिमीटर भरला तर एफ ८. साडेचारच्या जरासा वर असेल तर एफ १३. सूर्य-ढगाचा खटका हलवूनही एकदा बघा. भोकात फरक दिसला नाही तर तो खटका विसरून जा.

शटरसाठी फोनचा स्लो मोशन व्हिडिओ वापरा, २४० फ्रेमचा. खटका परत एन वर आणा, कॅमेरा खिडकीतल्या पांढऱ्या आभाळाकडे धरा, पाठीमागून लेन्सवर फोन लावा आणि बटण दाबा. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. एक फ्रेम म्हणजे साधारण चार मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेम उजेड दिसला तर शटर १/१०० च्या जवळ आहे. पाच दिसल्या तर १/५०. स्प्रिंग आणि प्लास्टिकचा खेळ आहे, प्रत्येक वेळी तेच उत्तर येणार नाही. बरेचदा दाबा आणि मधला आकडा धरा. हे दोन्ही आकडे एका पट्टीवर लिहून कॅमेऱ्याच्या तळाला चिकटवा. माझ्या होल्गाच्या तळाला ‘१३, १००’ असं लिहिलेलं आहे. पुढचा सगळा हिशेब मी त्यावरच मांडतोय. तुमचे आकडे वेगळे असतील तर तेवढं वर-खाली करा.

सावलीची कड बघा

फिल्मवाल्यांचा जुना नियम आहे. स्वच्छ ऊन असेल तर एफ १६ ठेवा आणि शटरचा आकडा रोलच्या आयएसओइतका ठेवा. (आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती जलद आहे त्याचा आकडा.) आयएसओ १०० चा रोल असेल तर १/१००. आपल्या कॅमेऱ्याला १/१०० एवढंच येतं, म्हणजे १०० च्या रोलला हा नियम जसाच्या तसा बसतो. ऊन कमी झालं की भोक एकेक स्टॉप मोठं करत जायचं. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट.

ऊन किती आहे हे आभाळाकडे बघून कळत नाही. डोळा जुळवून घेतो आणि फसवतो. आपल्या पायाशी पडलेली सावली बघा. सावलीची कड चाकूने कापल्यासारखी असेल तर एफ १६ चं ऊन. कड मऊ पडली असेल तर एफ ११. सावली आहे की नाही असं वाकून बघावं लागत असेल तर एफ ८. सावलीच पडत नसेल तर ५.६. आणि तुम्ही स्वतःच इमारतीच्या सावलीत उभे असाल, वर मोकळं आभाळ असेल, तर ५.६ किंवा ४.

आता माझ्या कॅमेऱ्यात १०० चा रोल घाला. कडक उन्हात हवा एफ १६, कॅमेरा आहे एफ १३ चा. म्हणजे अर्धा-पाऊण स्टॉप उजेड जास्त. उत्तम. कड मऊ पडली तर अर्धा स्टॉप कमी. चालतं. त्याच्या पुढे १०० चा रोल उपयोगाचा नाही. ४०० चा रोल दोन स्टॉप जलद. कडक उन्हात त्याच्यावर जवळपास अडीच-तीन स्टॉप जास्त उजेड पडतो, पण सावली न पडणाऱ्या ढगाळ दिवशी तो जवळजवळ नेमका बसतो.

अडीच-तीन स्टॉप जास्त म्हटल्यावर डिजिटलवर वाढलेली पोरं घाबरतात. तिथं जास्त उजेड म्हणजे पांढरा डाग, परत काही येत नाही. निगेटिव्हचं उलटं आहे. भाकरी जरा जास्त भाजली तर खाता येते, कच्ची राहिली तर नाही. कोडॅकचा पोर्ट्रा ४०० असो की इलफर्डचा एचपी ५, दोन-तीन स्टॉप जास्त उजेड ते पचवतात. निगेटिव्ह घट्ट, म्हणजे जास्त काळं होतं, कृष्णधवलचा दाणा थोडा वाढतो, पण फोटो निघतो. एक स्टॉप कमी पडला की सावलीतला तपशील पातळ होतो आणि दोन कमी पडले की तिथं फिल्म कोरीच. कोऱ्या जागेतून कुठलंही स्कॅनर काही काढू शकत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा उजेड जास्त द्या. स्लाइड फिल्म मात्र ह्या कॅमेऱ्यात घालूच नका. तिला अर्ध्या स्टॉपची चूकही सहन होत नाही.

नाशिकला कुठल्या महिन्यात कुठला रोल

पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत आपल्याकडे ऊन भरपूर. सकाळी नऊ ते चार बाहेर काढणार असाल तर १०० किंवा २००. रंगीतमध्ये कोडॅक गोल्ड २०० आता १२० मध्ये मिळतो, कृष्णधवलमध्ये इलफर्डचा एफपी ४, तो १२५ चा. घाटावर, रामकुंडाशी, अहिल्याबाई होळकर पुलावर हे रोल मस्त चालतात. पाण्यावरची चमक आणि ओली धोतरं फार पांढरी येतील अशी भीती वाटली तरी काही कमी करू नका. कमी करायची सोय नाहीच. फार वाटलं तर गडद गॉगलची काच लेन्ससमोर धरा. काच किती गडद आहे त्याप्रमाणे दोन ते तीन स्टॉप उजेड कमी होतो. रंगीत रोलवर काचेचा रंग उतरतो, कृष्णधवलवर त्याने काही बिघडत नाही.

काळाराम मंदिराचा दगड काळा आहे. त्यावर कोरलेलं दिसायला हवं असेल तर १०० च्या ऐवजी ४०० घाला आणि भर उन्हातही बिनधास्त काढा. जास्तीचे ते स्टॉप दगडाच्या खाचांत जिरतात. आभाळ मात्र कोरं पांढरं येईल, ते फ्रेममध्ये कमीत कमी घ्या.

जून ते सप्टेंबर ४०० च्या खाली जाऊ नका. अंजनेरीला किंवा त्र्यंबककडे ढग खाली उतरतात तेव्हा दुपारी बारालाही सावली दिसत नाही, आणि झाडीत शिरलात की आणखी दोन स्टॉप गेले. ८०० चा रंगीत रोल महाग, पण पावसात तोच खरा. कृष्णधवलवाल्यांनी एचपी ५ घालून धुताना वेळ वाढवावा, त्याबद्दल पुढे.

द्राक्षाच्या दिवसांत दिंडोरीकडे जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तिथं बरेच जण फसतात. रस्त्यावर कडक ऊन, कड धारदार, म्हणून १०० चा रोल घालून जातात. बागेत शिरलं की डोक्यावर वेलींचा मांडव, घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले, आणि उजेड तीन-चार स्टॉपने खाली. डोळ्याला ते जाणवतही नाही. बागेच्या बाहेरचे आणि आतले फोटो एकाच रोलवर हवे असतील तर ४०० घाला. आत मांडवाच्या फटींतून ऊन जिथं चेहऱ्यावर किंवा घडावर पडतंय तीच जागा धरा.

फोनला मीटर करा

लाइट मीटरचं कुठलंही साधं ॲप घ्या. आयएसओ तुमच्या रोलचा, शटर १/१००, हे पक्कं करून टाका आणि ॲप भोक किती सांगतंय तेवढंच वाचा. समोरच्या दृश्यावर फोन धरू नका, त्यात आभाळ आलं की आकडा बिघडतो. ज्या उजेडात फोटोतला माणूस आहे त्याच उजेडात आपला तळहात धरा आणि त्यावर मीटर करा. मीटर ज्या मधल्या करड्या रंगावर बेतलेला असतो त्यापेक्षा तळहात साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप उजेड जास्त द्यायचा: ११ आलं तर ८ समजा.

ही सुधारणा करून आलेला आकडा १६ किंवा त्याहून मोठा असेल तर सरळ एक क्लिक. ११ असेल तरी एक क्लिक, निगेटिव्ह थोडं पातळ येईल पण येईल. ८ असेल तर दोन क्लिक. ५.६ असेल तर चार ते सहा.

दोन क्लिक म्हणजे काय, ते सांगतो. होल्गाचं शटर रोल पुढे सरकवण्याशी जोडलेलं नाही. रोल न सरकवता बटण कितीही वेळा दाबा, उजेड त्याच फ्रेमवर पडत राहतो. लोक ह्याचा उपयोग दोन वेगळी चित्रं एकावर एक घेण्यासाठी करतात. एकाच चित्रासाठी करा. दोन क्लिक म्हणजे एक स्टॉप जास्त, चार म्हणजे दोन, आठ म्हणजे तीन. ज्या कॅमेऱ्यात शटरचा वेग बदलता येत नाही त्यात वेळ वाढवायचा हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. अट एकच: कॅमेरा आणि समोरची वस्तू, दोघांनी हलायचं नाही.

भांडी बाजारातलं एक दुकान. दुपारी चारच्या सुमाराला ऊन समोरच्या बाजूच्या पहिल्या मजल्यावर, दुकान पूर्ण सावलीत. पुढे तांब्याची घंगाळं एकात एक रचलेली, मागे गादीवर दुकानदार. ४०० चा रोल. तळहातावर ॲपने ८ सांगितलं, म्हणजे माझ्या हिशेबाने ५.६. दुकानदाराला म्हटलं, ‘शेठ, ते एक घंगाळ उपडं घालू का?’ ‘घाला की, पण पोचा पाडू नका.’ त्या उपड्या बुडावर कॅमेरा टेकवला, फोकस तीन माणसांच्या चित्रावर म्हणजे साधारण दोन मीटरवर ठेवला, डाव्या हाताने कॅमेरा वरून दाबून धरला आणि उजव्या अंगठ्याने सावकाश पाच क्लिक केले. निगेटिव्हवर घंगाळांच्या कडा, ठोक्यांच्या खुणा, वजनाची चिठ्ठी, सगळं स्वच्छ आहे. दुकानदाराने मधे मान वळवली, त्याला दोन नाकं आली. त्याला प्रिंट दिला तर तो खूश; दुकानात लावलाय.

क्लिक मोजताना मोठ्याने मोजा. आणि रोल कधी सरकवायचा त्याची एकच सवय ठेवा: फोटो झाला की लगेच. ‘मघाशी सरकवला होता का?’ हा प्रश्न पडला की फ्रेम गेलीच समजा.

घरात क्लिक थ्री असेल तर

नाशिकमधल्या बऱ्याच घरांत माळ्यावर आगफाचा क्लिक थ्री पडलेला असतो. काळं प्लास्टिक, १२० चा रोल, बारा चौकोनी फ्रेम. आपल्याकडे तो भारतात बनलेलाच जास्त करून दिसतो. लग्नामुंजीतले, सहलीतले कितीतरी फोटो त्यानेच काढलेले. होल्गापेक्षा हा शिस्तीचा कॅमेरा, पण शटर बराच संथ. माझ्याकडच्याचं मी वरच्याच रीतीने मोजलं, व्हिडिओत आठ फ्रेम उजेड दिसला, म्हणजे साधारण १/३०. होल्गाच्या तिप्पट वेळ. त्यामुळे होल्गाला चालणारा प्रत्येक रोल ह्याला चालत नाही. ४०० चा रोल घालून भर दुपारी गोदाघाटावर गेलात तर चार-पाच स्टॉप जास्त उजेड जाईल आणि निगेटिव्ह दिव्यासमोर धरून काही दिसणार नाही, इतकं काळं होईल. ह्याच्यात १०० घाला, किंवा इलफर्डचा पॅन एफ, तो ५० चा. ४०० ठेवा पावसाळ्यासाठी.

१/३० ला हात हलतो. छातीशी कॅमेरा घट्ट धरा, श्वास सोडून थांबा, मग खटका दाबा. भिंत मिळाली तर भिंतीला टेका. फोटो हलला तर लोक एक्स्पोजरला दोष देतात, पण दोष हाताचा असतो.

संध्याकाळ, लेणी आणि फ्लॅश

पांडवलेण्यातली बहुतेक लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, दर्शनी भाग बराच वेळ सावलीत असतो. बाहेरच्या खांबांसाठी ४०० च्या रोलवर दोन ते चार क्लिक. आतल्या दालनात क्लिकांचा हिशेब संपतो, तिथं बी. कॅमेरा दगडावर ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात ट्रायपॉडला परवानगी लागते. ज्वारीची छोटी पिशवी बरोबर ठेवली तर कॅमेरा तिच्यावर हवा तसा बसतो. ॲपमध्ये भोक १३ पक्कं करा आणि वेळ वाचा. एक सेकंदाच्या पुढे फिल्म आळसावते, तिला हिशेबापेक्षा जास्त वेळ लागतो. एचपी ५ ला ॲपने २ सेकंद सांगितले तर अडीच द्या, ४ सांगितले तर सहा, १० सांगितले तर वीस. बटण दाबून ठेवताना बोट कापतं, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचे प्रयोग करू नका. रोल असा निवडा की वेळ एक सेकंद किंवा जास्त येईल.

फ्लॅशचा हिशेब ॲपशिवाय होतो. फ्लॅशच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या जोराचा आकडा असतो, बहुधा १०० च्या रोलसाठी मीटरमध्ये. त्याला भोकाच्या आकड्याने भागलं की अंतर मिळतं. २० नंबरचा लहान फ्लॅश, भोक १३: दीड मीटर. ४०० चा रोल असेल तर अंतर दुप्पट, तीन मीटर. रामकुंडावर आरतीच्या वेळी तीन मीटरच्या आतल्या माणसांवरच फ्लॅश टाका. पलीकडच्या काठावर टाकलेला फ्लॅश म्हणजे बॅटरीची नासाडी.

नको असलेला उजेड

होल्गाची पाठ दोन पत्र्याच्या क्लिपांवर लागते आणि त्याच क्लिपांना पट्टा असतो. पट्टा ओढला गेला की क्लिप सरकते, पाठ उघडते. रोल भरला की दोन्ही बाजू आणि वरची कड काळ्या इन्सुलेशन टेपने बंद करा. मागच्या लाल खिडकीवरही टेपचा तुकडा, नंबर बघण्यापुरता उचलायचा, तोही अंगाच्या सावलीत. उन्हात आत शिरलेला असा उजेड निगेटिव्हवर धुकं चढवतो, आणि मग घरी बसून ‘एक्स्पोजर जास्त झालं’ म्हणत तुम्ही पुढचा रोल उगाच कमी उजेडात काढता. ते धुकं फ्रेमच्या बाहेर, फिल्मच्या कडेवरही पसरलेलं असतं. खऱ्या जास्त एक्स्पोजरमध्ये कड स्वच्छ राहते.

निगेटिव्ह वाचायला शिका

लॅबकडून आलेल्या स्कॅनवरून काहीही ठरवू नका. स्कॅनर प्रत्येक फ्रेम आपोआप उजळ-गडद करून सारखी करतो. पातळ आणि घट्ट निगेटिव्हचे स्कॅन शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. लॅबवाल्याला निगेटिव्ह परत मागा. माझे रंगीत रोल मुंबईला कुरिअरने जातात, चिठ्ठीत पहिली ओळ तीच असते.

कृष्णधवल निगेटिव्ह हातात आलं की आधी फ्रेम बघू नका, कड बघा. कडेला फिल्मचं नाव आणि नंबर असतात. ते कारखान्यातच छापलेले, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही. ती अक्षरं चांगली काळी आणि फ्रेम पातळ, तर धुलाई बरोबर आणि कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरंही फिकी, तर डेव्हलपर (फिल्म धुण्याचं रसायन) कमजोर, थंड किंवा वेळ अपुरा. हे एवढं समजलं तरी निम्मी भांडणं मिटतात.

मग टेबलावर सकाळचा ‘गावकरी’ पसरा, बातम्यांचं पान, जाहिरातींचं नको. खिडकीच्या उजेडात निगेटिव्ह त्यावर सपाट ठेवा. निगेटिव्हचा सगळ्यात काळा भाग, म्हणजे फोटोतलं आभाळ किंवा पांढरा सदरा, बारीक अक्षरांवर आणा. अक्षरं जेमतेम वाचता आली तर घट्टपणा बरोबर. सहज वाचता आली तर निगेटिव्ह पातळ. काहीच दिसलं नाही तर जास्त झालं. नंतर सगळ्यात पारदर्शक भाग बघा, म्हणजे फोटोतली सावली. कडेच्या कोऱ्या फिल्मपेक्षा तिथं थोडं तरी काळं हवं, आणि त्यात काहीतरी ओळखू यायला हवं: कोनाडा, केस, साडीची निरी. सावली कडेइतकीच कोरी असेल तर तिथं पुढच्या वेळी दोन क्लिक. कोपरे नेहमीच मधल्यापेक्षा पातळ येतात, ते लेन्सचं काम आहे. निर्णय फ्रेमच्या मध्यावरून घ्या.

ह्यासाठी वही लागते. फ्रेम नंबर, वेळ, सावलीची कड कशी होती, किती क्लिक. बस एवढं. ठिकाण लिहायची गरज नाही, ते फोटोत दिसतं.

धुताना

घरी धुणाऱ्यांसाठी. एचपी ५, इलफर्डचा आयडी ११ डेव्हलपर पाणी न मिसळता, २० अंश: रोल ४०० चा समजून काढला तर साडेसात मिनिटं, ८०० चा समजून काढला तर साडेदहा, १६०० चा समजून काढला तर चौदा. अख्खा रोल पावसात किंवा गल्लीबोळांत काढला असेल तर ८०० ची वेळ द्या. उजळ भाग वर येतील. सावली फारशी सुधारत नाही हे लक्षात ठेवा. अख्खा रोल भर उन्हात काढला असेल तर साडेसातातून वीस टक्के कमी करा, म्हणजे सहा मिनिटं. रोल एकच असल्यामुळे वेळही एकच. म्हणून एका रोलवर घाटाचं ऊन आणि सराफ बाजाराच्या बोळातली सावली एकत्र करू नका, आणि केलीच तर साडेसातावर थांबा.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढे असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करा, थर्मामीटर २० वर आला की ओता. हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याचं पाणीही फार लांब नको, दोन-चार अंशांच्या आत. नळाखाली थेट धरलेली फिल्म उन्हाळ्यात मऊ पडते आणि बोट लागलं तरी ओरखडा येतो.

काढलेला रोल स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. चिकटपट्टी घट्ट लावा, त्यावर बॉलपेनने लिहा: ‘४००, ऊन’ किंवा ‘४००, सावली, ८०० ला धुवा’, आणि धुवायला टाकेपर्यंत डब्यात बंद करून घरातल्या थंड कपाटात ठेवा.